माचा लाटे, गिरगाव : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

सामान जमलं. तीस ग्रॅम माचाचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीचा डबा, ती घोटायचा बांबूचा चासेन, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला डिजिटल काटा आणि दुधात बुडवायचा थर्मामीटर. काटा आणि थर्मामीटर लोहार चाळीच्या गल्लीतून आणले, चासेन ऑनलाइन मागवला. बाकीचं घरात आहेच : गाळण्या, पातेली, रवी.

हेतू आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर पुढे भरकटायला होतं. भाची कॉलेजसाठी आमच्याकडे राहते आणि वांद्र्याला मैत्रिणींबरोबर माचा लाटे पिते. कपाला साडेतीनशे-चारशे रुपये. तिने घरी एकदा पावडर आणून दुधात घातली होती. "मावशी, ती चव घरी येतच नाही," हे तिचं अनुमान. का येत नाही ते शोधायचं आणि आणून दाखवायची. दुसरा हेतू माझा स्वतःचा : हे पेय मला आवडतं का, ते ठरवायचं. बाहेर घेतला तेव्हा मला दूध लागलं, साखर लागली, चहा काही लागला नाही.

हिशेब असा. डबा अठराशेचा. एका कपाला दोन ग्रॅम पावडर धरली तर पंधरा कप, म्हणजे कपामागे एकशे वीस रुपये. दूध, साखर, गॅस धरून एकशे चाळीसच्या आत. स्वस्त नाही. कटिंगच्या हिशेबाने तर उधळपट्टीच आहे. पण बाहेरच्या कपाच्या निम्म्याहून कमी.

पावडर काय आहे हे माहीत असल्याशिवाय तिच्याशी वागायचं कसं ते कळत नाही, म्हणून थोडं वाचून ठेवलं. चहाचंच झुडूप, वेगळं काही नाही. तोडणीआधी निदान तीन आठवडे मळ्यावर छत घालून ऊन अडवतात. सावलीत पानात हरितद्रव्य वाढतं, थिॲनिन नावाचं अमिनो आम्ल टिकून राहतं आणि तुरटपणा आणणारी कॅटेचिनं कमी राहतात, कारण उन्हात थिॲनिनचीच पुढे कॅटेचिनं होतात. माचातली ती सूपासारखी गोडसर, भरीव चव या थिॲनिनची. तोडलेली पानं लगेच वाफवतात, म्हणजे ती काळी पडत नाहीत. मग न वळता सुकवतात, देठ-शिरा काढून टाकतात. या सुक्या पानाला तेंचा म्हणतात. तेंचा ग्रॅनाइटच्या जात्यावर दळला की माचा. जातं मुद्दाम सावकाश फिरवतात, जोरात फिरवलं तर घर्षणाने तापून वास जातो. एका जात्यातून तासाला साधारण चाळीस ग्रॅम पीठ पडतं. म्हणजे माझा डबा भरायला एक जातं पाऊण तास फिरलंय.

आपल्या चहापेक्षा मोठा फरक इथे आहे. आपण पानाचा अर्क उतरवतो आणि चोथा गाळून टाकतो. माचात पान पोटात जातं. पावडर पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगत राहते. तेव्हा उकळून काही साधणार नाही. जे काय साधायचं ते घोटूनच.

८ जून

आज फक्त गुठळ्या. दूध नाही.

मुंबईत यंदा पाऊस २६ मेलाच दाखल झाला, एरवी ११ जूनच्या सुमारास येतो. समुद्र चालत दहा मिनिटांवर. डबा उघडल्यापासूनच पावडर किंचित ओलसर, चमच्याला चिकटणारी. दोन ग्रॅम मोजून थेट कोमट पाण्यात घातली : वर हिरव्या गोळ्या, आत कोरडं पीठ. कितीही ढवळलं तरी गोळी फुटत नाही, कारण बाहेरचा थर भिजून सील होतो.

मग चाळून बघितली. मैद्याच्या चाळणीतून गोळ्या तशाच खाली आल्या, उपयोग शून्य. चहाची बारीक जाळीची स्टीलची गाळणी चांगली चालली, पण चमच्याच्या पाठीने घासावं लागतं. नुसतं आपटून पडत नाही. मलमलीतून वस्त्रगाळ करायचाही हट्ट केला. निम्मी पावडर कापडातच राहिली. इतक्या महाग पावडरीला मलमल नको.

चाळल्यावरही एकदम सगळं पाणी ओतायचं नाही. पिठल्यासाठी बेसन आधी थोड्या पाण्यात कालवून घेतो, तसंच : दोन ग्रॅमला आधी दोन चमचे पाणी, घोटून गुळगुळीत लापशी, मगच बाकीचं पाणी. या पद्धतीने तळाशी काहीही राहिलं नाही. भाचीच्या कपात जी "घरची" चव यायची तिचा अर्धा भाग इथेच होता. गुठळी दातांखाली आली की आतली कोरडी पावडर कडू लागते आणि तेवढी पावडर दुधाला मिळतच नाही. कप एकाच वेळी फिकाही आणि कडूही.

सासूबाई बघत होत्या. "गॅस कधी लावणार?" "आई, याला उकळायचं नाही." "मग चहा कसला?" यावर माझ्याकडे आज तरी उत्तर नव्हतं.

१४ जून

पाणी. पुस्तकी आकडा ७० ते ८० अंश. तपासून बघितलं.

उकळतं पाणी थेट घातलं तर वास भाजीसारखा, शिजलेल्या मेथीकडे जाणारा, आणि जिभेच्या मागच्या बाजूला तुरटपणा धरून बसतो. ऐंशीला तुरट पण सुसह्य. बहात्तर-पंचाहत्तरला पहिल्यांदा तो गोडसरपणा लागला, ज्याच्याबद्दल सगळे बोलतात. साठच्या खाली फेस नीट धरत नाही आणि दूध घातल्यावर कप कोमट होतो.

थर्मामीटर नसेल तर : उकळी आलेलं पाणी कपात ओतायचं, कपातून वाटीत, वाटीतून परत कपात. दर ओतण्याला माझ्याकडे सात-आठ अंश उतरले, पावसाळी हवेत, स्टीलच्या भांड्यात. जाड चिनी मातीच्या कपात पहिल्याच ओतण्याला जास्त उतरतं. तीन वेळा इकडून तिकडे केलं की जागेवर येतं. आपल्याकडे चहा वरून धार धरून ओतत गार करायची सवय आहेच, इथे ती चहाआधी वापरायची, एवढंच.

पाण्याच्या जातीचाही थोडा विचार केला. आपल्याला तुळशी, विहार, तानसा, भातसा आणि वैतरणेवरच्या धरणांचं पाणी येतं, सगळं पावसाचं, साठवलेलं. हलकं पाणी चहाला चांगलं, जड पाण्यात चव मंद होते. तेव्हा नळाचं पाणी बदलायची गरज नाही. फक्त पावसाळ्यात क्लोरिनचा वास जाणवतो, तो झाकण न ठेवता खळखळून उकळलं की जातो. ननंद राहते त्या सोसायटीत बोअरवेलचं पाणी मिसळतात. तिच्याकडे याच डब्यातली पावडर निस्तेज लागली. तिने फिल्टरचं घ्यावं.

१५ जून

अवजारं. चासेन हा एकाच बांबूच्या तुकड्याचा असतो, टोकाकडचा भाग चिरून चिरून पातळ काड्या केलेल्या. नारा प्रांतातल्या इकोमा शहरात ताकायामा नावाचा भाग आहे, तिथे ही कारागिरी शेकडो वर्षं चालू आहे. वापरण्याआधी काड्या गरम पाण्यात बुडवून मऊ करायच्या, नाहीतर मोडतात. घोटताना गोल फिरवायचं नाही, मनगटातून पुढे-मागे, इंग्रजी डब्ल्यू काढल्यासारखं, तळाला न घासता. पंधरा-वीस सेकंदांत बारीक फेस येतो.

रवीने माचा घोटायचा प्रयोग घरातल्या सगळ्यांच्या आग्रहावरून. रवीच्या पाकळ्या जाड, त्यांच्यामधून दोन चमचे लापशी निसटून जाते. ताकासाठी जिचा जन्म तिला दोन ग्रॅमची कामं सांगू नयेत. पण दुधासाठी रवी मी बाजूला ठेवली आहे, बघू.

बॅटरीवर चालणारा छोटा घुसळक (बाजारात दोन-तीनशेला मिळतो) लापशीला चालतो, मात्र उंच पेल्यात. वाटीत घातला तर ओटा हिरवा. काटा-चमचा : चालतो, मनगट दुखतं, फेस येत नाही. लाटेसाठी माचावर फेस नसला तरी बिघडत नाही, गुठळी नसली म्हणजे झालं. म्हणजे खरं सांगायचं तर चासेन ही चैन आहे. बारीक गाळणी ही गरज.

चासेनवर पावसाळ्यात बुरशी धरते हे कोणी सांगत नाही. धुऊन ओट्यावर ठेवला तर दोन दिवसांत मुळाशी पांढुरकं दिसायला लागलं. साबण लावायचा नसतो. गरम पाण्यात धुतला, झटकला आणि पंख्याखाली दोऱ्याला टांगला, काड्या खाली. आता तिथेच राहील.

२२ जून

दूध. सगळा खेळ इथे आहे आणि सगळी भांडणंही.

कपाचं प्रमाण आधी ठरवलं : दोन ग्रॅम माचा, पन्नास मिलिलिटर पाणी, १८० मिलिलिटर दूध. बाहेर याहून मोठा कप देतात, पण त्यात माचा वाढत नाही, दूधच वाढतं.

पिशवीचं टोन्ड दूध, स्निग्धांश तीन टक्के : फेस भरपूर, हलका. कप मात्र पातळ, माचाचा कडवटपणा सरळ पुढे येतो. फुल क्रीम, सहा टक्के : गोलाई येते, जीभ सुखावते, पण हिरवा वास खाली दबतो. डेअरीतलं सुटं म्हशीचं दूध : भारी, चव छान, पण फेस उभा राहत नाही आणि दोन मिनिटांत वर तूपकट तवंग. पिशवीचं बहुतेक दूध होमोजिनाइझ केलेलं असतं, म्हणजे त्यातला स्निग्धांश बारीक करून दुधातच बसवलेला असतो. सुट्या दुधात तो मोकळा वर येतो. म्हशीचं दूध मसाला चहाला ठेवावं, तिथे त्याला तोड नाही.

माझी निवड : टोन्ड आणि फुल क्रीम निम्मं-निम्मं. भाचीला नुसतं फुल क्रीम हवं. वाद घालण्यात अर्थ नाही, पिणार ती.

दूध माचाचा तुरटपणा कमी करतं याचं कारण साखर नव्हे, प्रथिनं. दुधातलं केसिन कॅटेचिनांना धरून बसतं, मग ती जिभेला तितकी खेचत नाहीत. आपला कडक चहा दुधाने मऊ होतो तोही याच रीतीने.

तापमान. ६० ते ६५ अंशांत दूध सर्वांत गोड लागतं आणि फेस बारीक, ओला येतो. सत्तरच्या वर दुधातली पाण्यात विरघळलेली प्रथिनं उलगडायला लागतात, शिजका वास येतो आणि माचाचा वास तिथेच संपतो. साठ अंशांचं दूध म्हणजे बोट बुडवून एक-दोन सेकंदांत बाहेर काढावंसं वाटेल इतकं. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसायच्या आतच गॅस बंद.

इथे सासूबाईंचा आक्षेप. पिशवी आली की दूध वर येईपर्यंत तापवायचं, मग गार करायचं, मग साय काढायची. हा या घराचा कायदा आहे. मी म्हटलं, पिशवीचं दूध आधीच ७२ अंशांवर पंधरा सेकंद पाश्चराइझ केलेलं असतं. त्या म्हणाल्या, "पिशवी दुकानात पोचेपर्यंत टेम्पोत किती वेळ होती, ते लिहिलंय का त्यावर?" नव्हतं लिहिलेलं. पाश्चरायझेशनचा भरवसा तेवढाच, जेवढा दूध सतत थंड राहिल्याचा, आणि जूनमधल्या मुंबईत त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून तोडगा : दूध नेहमीसारखं उकळून, गार करून, फ्रीजमध्ये. साय पूर्ण काढायची, सायीचा एक तुकडा राहिला तरी फेस बसतो. मग त्यातलं १८० मिलिलिटर साठपर्यंत परत गरम. कच्च्या पिशवीच्या दुधापेक्षा किंचित शिजका गोडवा येतो. चालतं. उकळलेलं दूध चालेल, उकळतं चालणार नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य झालं.

आणि रवी. उंच, अरुंद पातेल्यात साठ अंशांचं दूध, रवी दोन तळव्यांत धरून मिनिटभर जोरात. फेस आला. बुडबुडे मोठे होते, पातेलं ओट्यावर दोनदा हलकं आपटलं, गोल फिरवलं. निम्मे फुटले, उरला तो फेस घुसळकाच्या तोडीचा. वीज नाही, बॅटरी नाही. आज संध्याकाळी खरोखर बरं वाटलं.

२९ जून

गोडी, थोडक्यात. साखर एक सपाट चमचा, माचाच्या गरम पाण्यात आधीच विरघळवून. दुधात वरून घातली तर तळाशी बसते. मधाचा स्वतःचा वास माचावर चढतो, मला नको झालं. कोल्हापुरी गुळाने दूध फाटलं, कारण गूळ किंचित आंबट असतो आणि गरम दुधाला तेवढं पुरतं. शिवाय रंग मातकट. वेलची घालून बघा असं घरातून सुचवलं गेलं. बघितलं. वेलचीपुढे माचा दिसतच नाही, आणि मग एकशे वीस रुपयांची पावडर घालायची कशाला? आलं तर विचारूच नका.

लिंबूही नको. आंबट लागलं की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग ऑलिव्ह-तपकिरी होतो. उष्णतेनेही हेच होतं, फक्त सावकाश. बाहेर काही ठिकाणी जो फार भडक, पोपटी कप मिळतो, त्यात नुसता माचा असेल यावर माझा आता विश्वास नाही.

६ जुलै

आषाढी एकादशी. घरात साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ. भाचीचा प्रश्न : माचा उपासाला चालतो का? सासूबाईंचा निकाल : चहा चालतो, दूध चालतं, मग हेही चालेल. सकाळी उपाशी पोटी मात्र देऊ नको, म्हणाल्या, आणि त्यात तथ्य निघालं. रिकाम्या पोटी घेतल्यावर भाचीला मळमळलं. चहाची कॅटेचिनं काहींच्या रिकाम्या पोटाला सोसत नाहीत. खिचडीनंतर घेतला तेव्हा काही झालं नाही.

त्यावरून कॅफिन. दोन ग्रॅम माचात साधारण साठ मिलिग्रॅमच्या आसपास, पावडरीप्रमाणे कमी-जास्त. एका लहान एस्प्रेसोइतकं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला चारशे मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं मानतात, पण ज्याला चहानेही झोप लागत नाही त्याने सहानंतर घेऊ नये. माचाने "शांत तरतरी" येते असं म्हणतात आणि श्रेय थिॲनिनला देतात. मला तरतरी आली. शांती तपासायला आमच्या घरात तेवढी शांतता नसते.

दुसरी गोष्ट भाचीसाठी, कारण तिचं हिमोग्लोबिन कमी आलं होतं : चहातली ही द्रव्यं भाजी-डाळीतलं लोह अंगी लागू देत नाहीत. जेवणाबरोबर नको, तासाभराचं अंतर ठेवायचं. हे कटिंगलाही लागू आहे, पण कटिंगच्या बाबतीत कोणी ऐकत नाही.

१३ जुलै

थंड कप. हवेत इतका दमटपणा की गरम काही नकोच वाटतं.

काचेच्या पेल्यात खाली साखर विरघळवलेलं गार दूध, मग बर्फ, आणि वरून घट्ट घोटलेला माचा बर्फावर हळूच. दोन थर स्वच्छ वेगळे राहतात, कारण साखरेचं दूध जड आणि माचाचं पाणी हलकं. साखर माचात घातली तर थर लगेच मिसळतात. फोटो काढायचा असेल तर साखर दुधात. भाचीला फोटो काढायचाच असतो.

इथे माचा अडीच ग्रॅम लागतो. बर्फ वितळून पाणी होतं आणि गार जिभेला चव कमी कळते.

गॅसशिवायचा प्रकारही जमला : चाळलेली पावडर, साठ मिलिलिटर थंड पाणी, बर्फाचे दोन खडे, झाकणाची घट्ट बरणी, अर्धा मिनिट जोरात हलवणे. बर्फाचे खडेच गुठळ्या फोडतात. थंड पाण्यात कडवटपणा मागे राहतो आणि गोडसर बाजू पुढे येते. मला आत्तापर्यंतच्या सगळ्या कपांत हा जास्त आवडला. सकाळची ८:१० ची चर्चगेट पकडायच्या गडबडीत हाच होऊ शकतो.

२० जुलै

डब्याची तब्येत. रंग पहिल्या दिवसापेक्षा उतरलाय, पिवळसर झाक. ऊन, हवा, ओल, उष्णता, चारही शत्रू, आणि आमच्या स्वयंपाकघरात चारही हजर.

फ्रीजमध्ये ठेवायचं हे खरं, पण अर्धंच सांगतात. गार डबा बाहेर काढून लगेच उघडला की जुलैच्या हवेतली वाफ थेट पावडरीवर बसते, आणि त्या दिवशीच्या गुठळ्या गाळणीलाही दाद देत नाहीत. डबा बंदच ठेवून अर्धा तास बाहेर, मग उघडायचा. रोज अर्धा तास थांबणं कोणाच्याने होत नाही. म्हणून आता दोन डबे : आठवड्याची पावडर छोट्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत, फडताळात, शेगडीपासून लांब; बाकीची मूळ डब्यात, डबा झिपच्या पिशवीत, पिशवी फ्रीजमध्ये. औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्या धुंडाळून एक पिशवीत टाकली. पावडरीत नाही, पिशवीत.

फ्रीजच्या वासाचंही आहे. वरच्या कप्प्यात सुक्या बोंबलाचा डबा होता. सासूबाईंशी बोलणी होऊन बोंबील खाली गेले.

९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. नारळीभाताचा नारळ खवलेला होताच, म्हणून दूध काढलं. पहिलं जाड दूध साठ अंशांवर नेईपर्यंतच कडेने फुटायला लागलं. त्यात प्रथिनं कमी, स्निग्धांश जास्त. फेस येतच नाही, रवीने घुसळलं तर तेल सुटतं. गरम लाटेला नारळ बाद.

दुसरं, पातळ दूध, गार, चिमूटभर मीठ आणि साखर घालून, वर बरणीत हलवलेला माचा. हे मात्र जमून आलं. नारळाचा गोडवा माचाला दाबत नाही, वेलचीसारखा. कोकणातल्या माणसाला पटेल असा हा एकच माचा, असं आमच्या घरचे मालवणकर म्हणाले आणि दुसरा पेला मागितला.

१६ ऑगस्ट

दहीहंडी, शिवाय मुसळधार पाऊस. गल्लीत स्पीकर, घरात सगळे अडकलेले. दोन पावडरींची परीक्षा घ्यायला याहून चांगला दिवस नाही.

एक माझी, जपानमधल्या क्योतोजवळच्या उजी भागातली. दुसरी क्रॉफर्ड मार्केटमधल्या दुकानातून आणलेली स्वस्त, "स्वयंपाकासाठी" लिहिलेली, पारदर्शक बरणीत, रंग सुक्या मेंदीकडे झुकणारा. पेल्यांच्या तळाला खुणेचे रबर बँड. आधी नुसत्या पाण्यात. फरक इतका की खूण बघायची गरजच पडली नाही : स्वस्तातली कडू, चिमटीत घेतली तर रवाळ, वास वाळल्या गवताचा. मग दूध-साखरेत. इथे घरातली मतं फुटली. नवऱ्याने स्वस्तातली उचलली, कारण तिची कडू चव दुधातून वर येत होती आणि महागडीची हळवी चव दुधात बुडत होती. भाची उजीच्या बाजूने, मीही.

यातून एवढं कळलं की लाटेसाठी सर्वांत वरची पावडर घेऊ नये. ती पाण्यात घोटून, दुधाशिवाय प्यायची चीज. जपानी पद्धतीत दोन ग्रॅमला साठ-सत्तर मिलिलिटर पाणी, झालं. मधल्या दर्जाची, पण हिरवी, पुरते. डब्यावर "सेरेमोनियल", म्हणजे चहासमारंभाच्या दर्जाची, असं लिहिलंय म्हणून पैसे मोजू नयेत. या शब्दामागे कोणतंही सरकारी प्रमाण नाही, जपानमध्येही नाही. कोणीही छापू शकतो. त्यापेक्षा बघावं : कोणत्या भागातली (उजी, निशिओ, यामे, कागोशिमा), पहिल्या तोडणीची का, पॅक केल्याची तारीख, आणि डबा अपारदर्शक आहे ना. रंग दिसावा म्हणून काचेत ठेवलेली पावडर हमखास उतरलेली असते.

पाऊस थांबेना म्हणून आणखी थोडं वाचलं. पूड चहा घोटून प्यायची रीत मुळात चीनमधली, सोंग राजवटीच्या काळातली. एसाई नावाच्या झेन भिक्षूने ११९१ मध्ये चहाचं बी आणि ही रीत जपानला नेली. चीनमध्ये १३९१ मध्ये पहिल्या मिंग सम्राटाने दरबाराला चहाच्या वड्यांची भेट बंद करून सुटी पानं मागवली, मग घोटणं हळूहळू मागे पडलं आणि पानं पाण्यात भिजवणं रूढ झालं. जपानने मात्र घोटणं सोडलं नाही. दूध घालणं हे अगदी अलीकडचं.

आणि भाव का चढलेत तेही समजलं. जगभरातून मागणी इतकी आली की २०२४ च्या शरद ऋतूत क्योतोच्या इप्पोदो आणि मारुक्यु कोयामाएन या जुन्या पेढ्यांनी विक्रीवर मर्यादा घातल्या. नवी झुडपं लावली तरी तोडणीला यायला चार-पाच वर्षं, आणि जातं तासाला चाळीसच ग्रॅम देणार. घाईने पुरवठा वाढेल असा हा माल नाही.

२४ ऑगस्ट

डब्यात शेवटचे चार-पाच ग्रॅम. भाचीच्या मोबाइलवर लिहून दिलं ते इथेही : माचा दोन ग्रॅम (सपाट चहाचा चमचा) बारीक गाळणीतून घासून, दोन चमचे पाण्यात लापशी, पंचाहत्तरचं पाणी पन्नास मिलिलिटरपर्यंत, साखर त्यातच, दूध निम्मं-निम्मं, साय काढलेलं, साठ अंश, रवीने मिनिटभर. दूध माचात ओतायचं, फेस चमच्याने अडवून शेवटी. लगेच प्यायचं, नाहीतर पावडर तळाशी बसते. बसलीच तर ढवळून.

ती म्हणते, आता बाहेरचा कप तिला गोड लागतो. पण तरी जाणार, कारण मैत्रिणी तिथे बसतात. हे मी हिशेबात धरलं नव्हतं आणि धरायचंही नाही. माझ्यापुरतं : थंड, बरणीतला, साखरेशिवाय, दूध कमी, रविवारी. रोज सकाळी मला आल्याचा चहाच हवा. सासूबाईंनी एक घोट घेतला, "औषधी आहे" म्हणाल्या आणि स्वतःसाठी आधण ठेवलं.

पुढचा डबा वीस ग्रॅमचा घ्यायचा, तीसचा नाही. ग्रॅममागे थोडा महाग पडतो, पण या हवेत तीस ग्रॅम संपेपर्यंत शेवटचा तिसरा हिस्सा निस्तेज होतो, म्हणजे पैसे तिथेच गेले. आणि आत्ता लगेच घ्यायचा नाही. बुधवारी गणपती येतायत. फ्रीज खवलेल्या नारळाने, दुधाच्या पिशव्यांनी आणि शेजारच्यांच्या मोदकांनी भरलेला असणार. त्यात डब्याला जागा मागितली तर बोंबलांची बोलणी पुन्हा करावी लागतील. विसर्जनानंतर बघू. तोवर भाचीने वांद्र्याला प्यावा.